गिल्बर्टची न जन्मलेली बहीण

१

सहाशे पंच्याण्णव वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावरून कुणी मंगळवारी सकाळी साडेनऊला दुसऱ्याच्या दारात उभं राहून रडू नये, असं विजयाताईंचं स्पष्ट मत होतं. पण शुभदा कानडे रडत होती. तेही बूट काढून, मॅटवर नीट जोडीनं लावून झाल्यावर. विजयाताईंनी मनात नोंद केली : हादरली आहे, मोडलेली नाही.

विजयालक्ष्मी यन्नम, वय एकाहत्तर, मूळच्या सोलापूरच्या. हॅलिफॅक्सच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहून निवृत्त झालेल्या. पुस्तकं सुटली, हात काही थांबला नाही. आता त्या माणसांची कार्डं करत. कोण काय न्यायला येतं, परत काय करतं, कोणत्या पानाला डाग पाडून आणतं, सगळं डोक्यात वर्णानुक्रमे लावलेलं.

शुभदाच्या मागून तिची बॅग घेऊन मोहन दाभाडे आत आला. शुभदाचा मानलेला भाऊ. त्याचं कार्ड विजयाताईंकडे जाडजूड होतं आणि जमेच्या बाजूनं भरलेलं. नवऱ्यामागे शुभदा एकटी पडल्यापासून तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ हाच शोव्हल करायचा, विंटर टायर्स हाच बदलून आणायचा. एकोणीस भाऊबीजा शुभदानं त्याला ओवाळलं होतं, आणि शनिवारी विसावी होती.

"ताई, हिला पाणी द्या आधी," मोहन म्हणाला. "डार्टमथहून फेरीबोटीत बसल्यापासून रडतेय. मी टर्मिनलवरून उचलून आणली."

तेवढ्यात शुभदाचा फोन वाजला. तिनं डोळे पुसत बघितला. नाशकाहून तिच्या भावानं, नंदननं, घरच्यांचा दिवाळीचा फोटो पाठवला होता. मोहन तिच्या खांद्यावरून डोकावला. "बघ, हस बरं जरा. तुझा पुतण्या केवढा ताडमाड झालाय!"

शुभदा हसली नाही. तिनं बॅगेतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले.

"ताई, माझ्या गिल्बर्टला चोरला."

२

हा गिल्बर्ट म्हणजे थॉर्नमियरचा लॉर्ड. शुभदा दिवसा हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम करायची आणि उरलेल्या वेळात, अकरा वर्षं, या माणसाच्या घरात राहायची. त्यासाठी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन लॅटिन शिकली. त्याच्या तबेल्यात घोडे किती, बायको मटिल्डा कोणत्या ससाण्याला हातानं भरवायची, दोन्ही मुलगे कोणत्या तापानं गेले, हे ती इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत असं सांगायची की नवखी माणसं विचारायची, तुमचे नातेवाईक का?

"१३२२ च्या बंडात तो राजाविरुद्ध उभा राहिला," शुभदा पाणी पिऊन म्हणाली. "रॅल्फ नावाचा त्याचा शपथेचा भाऊ होता. एका भाकरीचे दोन तुकडे करून, खाऊन शपथ घेतलेला. त्यानंच रात्रीतून किल्ल्याचं मागचं दार उघडून दिलं. गिल्बर्टचं डोकं उडवलं. मुलं आधीच गेलेली. मग थॉर्नमियर मिळालं कुणाला, तर रॉजर नावाच्या कुणा पोराला. हा रॉजर कोण, हे आजवर कुणाला माहीत नव्हतं."

"आणि तुला सापडलं."

"गिल्बर्टची बहीण इझाबेल. तिनं आपली गिरणी आणि शेत या रॉजरला लिहून दिलं, तो दानाचा कागद मला इंग्लंडच्या एका दप्तरखान्यात, न लावलेल्या गठ्ठ्यात मिळाला. मी स्वतः फोटो काढलाय."

तो शोध ती येत्या मे महिन्यात ओटावाच्या परिषदेत मांडणार होती. निबंधाचा सारांश पाठवून झाला होता. काल उत्तर आलं. हॅलिफॅक्सच्याच विद्यापीठातल्या डॉ. व्हिटकोम यांनी याच कागदावर सप्टेंबरात टिपण प्रसिद्ध केलंय, तेव्हा आपण ही सामग्री कुठून मिळवली ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवावं. समाधान न झाल्यास नाव वगळण्यात येईल आणि तसं का केलं तेही सर्व सभासदांना कळवण्यात येईल. पत्र फार सभ्य होतं. चोर हा शब्द त्यात एकदाही नव्हता.

"पण तू तर पहिली!" मोहन कळवळून म्हणाला.

"छापलं त्यांनी आधी, दादा. अकरा वर्षं कुणी बघितली?"

मोहनला डेंटिस्टकडे जायचं होतं, तो निघाला. दार लागल्यावर विजयाताईंनी चष्मा बदलला.

"तुझ्या गिल्बर्टवरच्या मराठी पुस्तकाचं बाड कुणाकुणाला दिलं होतंस?"

"फक्त सातवं प्रकरण. इझाबेलच्या कागदाचं. रॉजर कोण, याचे पुरावे आठव्यात आहेत, ते अजून माझ्याच वहीत आहे. सातव्याच्या तीन झेरॉक्स काढल्या जुलैमध्ये. मोहनदादा, चंद्रकांतराव आणि गुंजन."

"हातानं लिहिलेलं?"

"मी टाइप कुठं करते, ताई."

विजयाताईंनी एका बाजूला शुभदाच्या बॅगेतली, परत आलेली एक झेरॉक्स ठेवली, दुसऱ्या बाजूला व्हिटकोमचं इंग्रजी टिपण, आणि बोट दोन्हींवरून एकाच वेळी खाली नेत गेल्या. चहा निवला. शेवटी त्यांनी मान वर केली.

"शुभदा, या लॅटिनमध्ये मासे आहेत का गं?"

"मासे?"

"तू लिहिलंयस, 'गिरणी, तळं आणि तळ्यातल्या माशांसकट'. यांनीही लिहिलंय, तळ्यातल्या माशांसकट."

शुभदाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मुळात तळंच आहे नुसतं. मासे... मी घातले. वाक्याला जरा वजन येतं म्हणून. इंग्रजी सारांशात नाही घातले हो!"

"म्हणजे व्हिटकोमसाहेबांनी मूळ कागद पाहिलेलाच नाही. तुझं मराठी पाहिलंय, कुणीतरी इंग्रजी करून दिलेलं." विजयाताईंनी झेरॉक्सवर टिचकी मारली. "मासे सांगतात, फितुरी या तिघांतून झाली. पण ओटावाला मासे पाठवून भागायचं नाही. ते म्हणतील, बाईंनी मराठी प्रकरण मागाहून लिहिलं. तिथं माणसाचं नाव लागेल."

"आणि ते नाही मिळालं तर?"

विजयाताईंचं बोट आता दुसऱ्याच एका शब्दावर थांबलं होतं.

३

तो शब्द होता 'भाचा'.

शुभदानं इझाबेलच्या तोंडी लिहिलं होतं, 'हा रॉजर माझा भाचा.' लॅटिनमध्ये तिथं 'नेपोस'. लॅटिन त्या बाबतीत इंग्रजीहून आळशी. नातू, पुतण्या, भाचा सगळ्यांना एकच शब्द. व्हिटकोमच्या टिपणात मात्र ठसठशीत, 'माय सिस्टर्स सन.' बहिणीचा मुलगा! आणि एवढ्यावर गडी थांबला नव्हता. इझाबेलच्या बहिणीचा मुलगा आहे म्हणजे गिल्बर्ट-इझाबेलला आणखी एक बहीण असलीच पाहिजे, इतिहासाला आजवर अज्ञात, असं म्हणून त्यानं तिला जन्माला घालून, बहुधा जोन असं नावही ठेवून टाकलं होतं.

"पण दुसरी बहीण नव्हतीच!" शुभदा म्हणाली. "मठात त्यांच्या घराण्यासाठी प्रार्थना व्हायची, त्या यादीत आईबापांची मुलं दोनच. गिल्बर्ट आणि इझाबेल. रॉजर गिल्बर्टचाच मुलगा आहे, कारभाऱ्याच्या नावावर लपवून वाढवलेला. म्हणून तर मी भाचा लिहिलं. आत्याचा भाचा!"

"तू सरळच लिहिलंस. वाचणाऱ्याला वाकडं कळलं."

"गुंजन," शुभदा हळूच म्हणाली. "इंग्लिश मीडियमची पोर. हिला काका-मामातला फरक कळत नाही. आणि ती व्हिटकोमच्याच हाताखाली टीचिंग असिस्टंट आहे, ताई."

हे जोडायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. विजयाताईंना एका मिनिटात जुळणाऱ्या गोष्टींचा ग्रंथालयात असल्यापासून संशय होता. अशी पुस्तकं हमखास चुकीच्या कपाटात सापडत.

४

गुंजन सबनीस पुण्याची, सत्तावीस वर्षांची, पीएचडी आणि पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, दोन्हींच्या रांगेत उभी. कॅम्पसवरच्या कॉफीच्या दुकानात ती विजयाताईंसमोर बसली ती बसल्याबरोबर म्हणाली, "काकू, मला माहितेय तुम्ही का आलात. सगळ्या मंडळाला वाटतंय मी केलं. चंद्रकांतकाकांनी तर ग्रुपवर लिहिलंय, 'घरचे भेदी', आणि खाली नमस्काराचा इमोजी!"

"तू व्हिटकोमचे पेपर तपासतेस ना?"

"हो, पण तो माणूस माझं नावपण नीट घेत नाही. गंजन म्हणतो. आणि मी कशाला रिस्क घेऊ? माझी अ‍ॅप्लिकेशन पेंडिंग आहे, त्यांनी एक वाईट लेटर लिहिलं तर मी गेले." तिचे डोळे भरले, पण तिनं मफिनचा तुकडा तोंडात टाकून ते परतवले. "ती नोट सप्टेंबरमध्ये आली हे मला कळलंच नाही, ऑनेस्टली. मी नाही वाचत त्याचं काही."

"तुझी झेरॉक्स कुठाय? तू एकटीनंच परत केलेली नाहीस."

गुंजननं मफिनचा कागद चुरगाळला. "डिपार्टमेंटमध्ये. माझ्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे... कुलूप नसतं त्याला."

विजयाताईंनी तिला तिथूनच उठवून आणायला पाठवलं. दहा मिनिटांत ती धापा टाकत आली. झेरॉक्सला सतरा पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. रॅल्फ दार उघडतो तिथं, 'काय माणूस आहे!!' मटिल्डाच्या ससाण्यापाशी, 'क्यूट'. विजयाताईंनी सरळ इझाबेलच्या कागदाचं पान काढलं. तिथल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'ओ माय गॉड, म्हणजे गिल्बर्टला सीक्रेट मुलगा??'

"हे तुला कसं कळलं?" विजयाताईंनी विचारलं. "इथं तर नुसतं भाचा आहे."

गुंजननं त्यांच्याकडे, म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं, जपून बघितलं. "काकू, इझाबेलचा भाचा म्हणजे तिच्या भावाचाच ना? तिला भाऊ एकच. माझ्या दादाचा मुलगा आहे ना, आमचा पिल्लू, तो माझा भाचाच आहे."

विजयाताईंनी तिच्या मफिनचे पैसे दिले. त्यांच्या कार्डांत असा प्रसंग दुर्मीळ होता.

५

चंद्रकांत भोसेकर यांचं कार्ड मात्र खर्चाच्या बाजूनं वाकलेलं होतं. मूळचे साताऱ्याचे, इथल्या मत्स्य प्रयोगशाळेतून निवृत्त. कॅनडातल्या पक्ष्यांवर त्यांनी सहाशे पानी मराठी ग्रंथ लिहिला होता आणि सात प्रकाशकांनी तो वाचता वाचता पक्ष्यांसारखंच स्थलांतर केलं होतं. उलट शुभदाच्या पुस्तकाला, ते पुरं व्हायच्या आत, पुण्याचा प्रकाशक मिळालेला.

"मला राग आला होता, नाकारत नाही," ते म्हणाले. "पण बाईंना मी एक्केचाळीस शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या. चोर चुका दुरुस्त करून देतो का हो, विजयालक्ष्मीबाई?"

"हुशार चोर देईल."

चंद्रकांतराव यावर खूश झाले. हुशार हा शब्द त्यांनी तेवढा वेगळा काढून ठेवून घेतला. त्यांनी परत केलेली प्रत शुभदानं विजयाताईंना दिली होती, ती त्यांनी उघडली. लाल शाईनं समास भरून गेला होता. इझाबेलच्या पानावर, 'भाचा' भोवती गोल करून : 'म्हणजे गिल्बर्टचाच की! बाई, वाचकाला एवढ्या लवकर सांगू नये.'

"तुम्हाला बहिणी किती?"

"दोन. का? दोघी साताऱ्यात. माझ्या मुलाच्या, शंतनूच्या नावानं अजून 'आमचा भाचा कॅनडात असतो' म्हणून पेढे वाटत असतात."

विजयाताई उठल्या. दारापाशी चंद्रकांतरावांनी आवाज उतरवला. "एक सांगू? मोहनरावांना सांभाळा. फार मनाला लावून घेतलंय त्यांनी. काल म्हणत होते, या गुंजनला मंडळातून काढायला हवं."

"काल? म्हणजे मंगळवारी?"

"छे, सोमवारी दुपारी. मी ग्रुपवर लिहिलं ते त्यानंतरच."

शुभदाला पत्र आलं होतं सोमवारी संध्याकाळी, कामावरून घरी आल्यावर. तिनं ते पहिल्यांदा कुणाला दाखवलं, ते मंगळवारी सकाळी.

६

शनिवारी भाऊबिजेला मोहनच विजयाताईंना न्यायला आला. नवा शर्ट, अत्तर, मागच्या सीटवर पैठणीच्या दुकानाची पिशवी. आरशाला निळा पार्किंग टॅग हेलकावे खात होता.

"हा कशाचा रे?"

"हा? दवाखान्याचा. गुडघ्यासाठी जातो ना." त्यानं टॅग काढून खिशात घातला.

विजयाताईंनी विद्यापीठात सव्वीस वर्षं हिरव्या टॅगवर काढली होती. हिरवेवाले टेकडीखाली गाडी लावून बर्फातून वर चढत. ग्रंथालयाच्या दाराशी लावायचा मान निळ्यांचा. प्राध्यापक, आणि प्राध्यापकांनी शिफारस केलेले संशोधक. त्या निळ्या रंगाशी त्यांचं जुनं वैर होतं. तो त्यांनी कुठंही ओळखला असता.

पुलावर मोहन गप्पा मारत राहिला. जळगावचं घर, चार भाऊ, "आमच्याकडे देवानं मुलगीच दिली नाही हो, आई रडायची." गेलेली बायको सीमा, तिला भावंड एकच, एक बहीण, तिचा मुलगा प्रणव आता विनिपेगला लागलाय. "माझा भाचा. पोरगं गुणी आहे. आम्हाला काही मूलबाळ झालं नाही, तेव्हा जो काय तो हाच." मग जळगावला इतिहासात एमए केलं, पण इथं येऊन वीस वर्षं नौदलाच्या कोठारात नटबोल्ट मोजले. "कुणी विचारलं नाही ताई, तुझं शिक्षण काय म्हणून. एकानंही."

विजयाताई समुद्राकडे बघत राहिल्या. वाईट गोष्ट ही होती, की हे शेवटचं खरं होतं.

७

शुभदाच्या स्वयंपाकघरात अनारसे, चकल्या, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता. बाहेर हॉलमध्ये पाट मांडलेला; भोवती रांगोळी, कॅनेडियन कार्पेट वाचवायला प्लॅस्टिकवर काढलेली. गुंजन आणि चंद्रकांतराव सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये एक हिवाळा.

"सांगा, कोण?" शुभदा निरांजनात वात घालत म्हणाली.

"शुभदा, चूक करणारा मराठीत कच्चा नाही. उत्तम मराठी येणाराच आहे." विजयाताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी. मला नाती दोनदा शिकावी लागली, म्हणून कळलं. पुरुषाच्या तोंडी भावाचा मुलगा पुतण्या आणि बहिणीचा तो भाचा. बाईच्या तोंडी तसं नाही. भावाचा काय, बहिणीचा काय, दोघंही तिचे भाचेच. हे पुरुषाला पुस्तकातून कळत नाही. त्याच्या पोराला त्याची बहीण 'माझा भाचा' म्हणते, तेव्हा कळतं. नाहीतर बायको आपल्या भावाच्या पोराला म्हणते, तेव्हा. आता असा माणूस घे, ज्याला बहीण नाही, पोर नाही, आणि बायकोला भाऊ नाही. त्याच्या घरात भाचा म्हटलं की बहिणीचाच मुलगा. तो तुझं प्रकरण वाचेल आणि गिल्बर्टला आणखी एक बहीण आणून देईल."

वात शुभदाच्या बोटांत तशीच राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"तो सोमवारी दुपारी गुंजनला मंडळातून काढायला सांगत होता. तुला पत्र यायच्या आधी. त्या टिपणावर विचारणा होणार हे त्याला व्हिटकोमकडून कळलं असणार. आणि त्याच्या गाडीला निळा टॅग आहे."

"ताई, नका. नवरा गेला त्या रात्री दादा हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून होता. टॅग कशाचेही असतात."

"असतात," विजयाताई म्हणाल्या. "म्हणून तू विचार. मंगळवारी माझ्या घरात तो एक शब्द बोलून गेला. तू रडत होतीस. मीही ऐकून सोडून दिला, आणि मी काही सोडत नाही एरवी."

शुभदानं निरांजन लावलं. तबक उचललं, आणि हॉलमध्ये गेली.

मोहन पाटावर बसला होता, डोक्यावर रुमाल, चेहरा लहान मुलासारखा खुललेला. शुभदानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. अक्षता लावल्या. मग तबक हातात तसंच धरून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दादा, नाशिकच्या नंदनचा मुलगा. तो माझा कोण रे?"

"कोण म्हणजे? पुतण्या."

सोफ्यावरून गुंजन खुदकन हसली. "अहो मामा! भाचा! काकूंचा भाचा!"

"अगं, भावाचा मुलगा म्हणजे—" मोहननं मान वर केली. त्याला शुभदाचा चेहरा दिसला.

शुभदानं तबक खाली घेतलं.

"एकोणीस वर्षं," शुभदा म्हणाली, "मी तुझ्यासमोर 'माझा भाचा, माझा भाचा' करतेय. त्याच्या मुंजीचे लाडू तू खाल्लेस. तू ऐकलंस तरी का कधी?"

चंद्रकांतराव अर्धवट उठले, बसले. मोहननं रुमाल डोक्यावरून काढून मांडीवर घडी केला.

"मी फक्त दाखवायला नेलं होतं, शुभे. एका व्याख्यानानंतर त्यांना म्हटलं, माझ्याकडे एक कागद आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं. कॉफी दिली. मिस्टर डाबाडे, यू आर अ हिस्टोरियन, म्हणाले. मी इंग्रजी करून दिलं. कुणाचं आहे विचारलं, तेव्हा... तेव्हा तोंडातून 'माझं' निघालं. मग मागे नाही घेता आलं."

"आणि गुंजन?" विजयाताईंनी विचारलं.

त्याला गुंजनकडे बघता आलं नाही. "त्यांचा फोन आला, परिषद विचारतेय म्हणून. मला वाटलं, तिचं वय आहे. ती सावरेल."

"माझं वय आहे?" गुंजन म्हणाली. "माझं पीआर जाणार होतं!"

"त्यांनी मला कार्ड दिलंय, शुभे. व्हिजिटिंग रिसर्चर. तू नाव कळवलंस तर..." त्यानं खिशातला टॅग चाचपला. "बाकी काय हवं ते कर. ते एवढं जाईल. तुझ्याकडे अकरा वर्षं आहेत. माझ्याकडे तो निळा तुकडा आहे नुसता."

विजयाताईंना क्षणभर भीती वाटली, की शुभदा तबक पुन्हा उचलून ओवाळणार. एकोणीस हिवाळ्यांचा बर्फ काही थोडा नसतो, आणि तो त्यांच्याही हिशेबात होता.

पण शुभदानं तबक टेबलावर ठेवलं. ज्योतीवर फूल धरून ती शांत केली, आणि पैठणीची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"रॅल्फनं दार उघडलं, त्या पानावर तू काय लिहिलं होतंस आठवतं? 'वा!' एवढंच. प्रत्येक पानावर तेवढंच होतं. मला वाटायचं, दादाला आवडतंय."

मोहन गेला. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही, मग झाली. चंद्रकांतरावांनी घसा खाकरला आणि गुंजनसमोर चकल्यांची ताटली सरकवली. त्यांचा माफी मागण्याचा हाच प्रकार होता. गुंजननं चकली घेतली, पण दोन घेतल्या.

शुभदा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. सोमवारची वाट बघायची नाही म्हणाली; बघितली तर हात कचरेल. मासे तिनं स्वतःच कबूल केले, एका ओळीत, लाजत. मठाची यादी जोडली, सातव्या प्रकरणाच्या तिन्ही झेरॉक्सही जोडल्या, समासासकट. इंग्रजी कोणी करून दिलं ते नावानिशी लिहिलं. मग शेवटचा परिच्छेद ती तीनदा खोडून चौथ्यांदा लिहीत होती, तेव्हा विजयाताई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि चष्मा बदलून वाचू लागल्या. इंग्रजीत होता तो, पण अर्थ असा होता :

'मराठीत स्त्री आपल्या भावाच्या मुलाला भाचा म्हणते. डॉ. व्हिटकोम यांना मिळालेल्या भाषांतरात या शब्दाचा अर्थ फक्त बहिणीचा मुलगा असा केला गेला, आणि त्यामुळे गिल्बर्टला कधीही नसलेली एक बहीण निर्माण झाली. ज्याला बहीण आहे अशा कोणत्याही मराठी माणसाकडून ही चूक होत नाही.

श्री. मोहन दाभाडे यांना बहीण नाही.'